हातभर विदर्भ

समस्त मराठी जनांस कळवण्यात येते की, वेगळं विदर्भ राज्य अमेरिकेत एकदा स्थापन झालेलं आहे. मी त्याचा साक्षीदारच नव्हे, तर हमालही आहे. काल वडाभातावर हिंग-मिरचीची फोडणी ओतली आणि इथल्या चँडलर गावातल्या माझ्या स्वयंपाकघरात ऐंशीच्या दशकातला तो महाराष्ट्र दिन परत दरवळला.

वेगळ्या विदर्भासाठी चार निवडणुका लढवून चारही हरलेले भाऊसाहेब तेव्हा अमेरिकेत लेकीकडे आले होते. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या पुणेकर अध्यक्षांनी त्यांना कार्यक्रमाला बोलावलं, पण दारातच बजावलं, "दिवा लावा, भाषण नको. आज विदर्भाचा एक शब्दही चालणार नाही."

"नाही बोलत," म्हणत भाऊसाहेबांनी दिवा लावला. मग जेवणाच्या टेबलांची लांब रांग होती तिकडे गेले. शेवटच्या टेबलावर आम्हा नागपूरच्या विद्यार्थ्यांचा वडाभात होता. त्या टेबलाची कड पकडून ते मला म्हणाले, "धर बे तिकडून!"

आम्ही ते हातभर बाजूला सरकवलं. भात वाढायचा डाव हातात घेऊन भाऊसाहेब मुख्यमंत्र्यासारखे ताठ उभे राहिले. तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. जन्मभर मागितलेलं राज्य त्यांना तेवढंच मिळालं, हे आज कळतं.

"परत जोडा ते टेबल!" अध्यक्ष कडाडले.

तेवढ्यात त्यांच्याच पत्नीनं रिकामी प्लेट घेऊन ती हातभर सीमा ओलांडली. "अहो, तुम्ही थांबा महाराष्ट्रात. मी चालले विदर्भात!"