थरथर करून दाखव

आत्याच्या गॅरेजात नुसतं तोंडानं सांगून भागत नाही. दुकानाच्या मधोमध एक लोखंडी स्टूल आहे. गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करायचे आणि आपली गाडी कशी वागते ते अंगानं करून दाखवायचं. बेकरीवाला खोकत खोकत बंद पडतो. निवृत्त मुख्याध्यापक चढावर दम लागल्यासारखे मागे मागे येतात, आणि एकदा तर खरेच स्टुलावरून खाली आले होते. रस्त्यावरचे लोक फुकटचा खेळ बघायला थांबतात. आत्या मात्र हसत नाही. चिंध्यांनी हात पुसत, मान कलती करून बघत राहते. तिचं म्हणणं असं, की तोंड फक्त आठवलेलं सांगतं, आणि न आठवलेलं अंगात राहून जातं.

गॅरेज मूळचं तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर विकून टाक म्हणून सगळ्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पाटी नव्यानं रंगवून घेतली. आता तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला आत्याच म्हणतात. खरी आत्या ती एकीचीच. थोरल्या भावाच्या मुलीची, टिचकीची.

टिचकी हे नाव टिचभर उंचीवरून पडलं. ती वीज कंपनीत तारा तपासते. मनोऱ्यांखालून आधी लांबच लांब सरळ रस्ता, मग जीप जात नाही अशी दगडधोंड्यांची वाट. त्यासाठी उंच चाकांची, डोंगर चढणारी मोटारसायकल हवी. तिचा बाप शिंपी. त्याचं दुकान गॅरेजला लागून, मधे एकच भिंत. त्याचा या गाडीला पहिल्यापासून विरोध. आत्यानं शब्द टाकला होता, "दादा, गाडीची जबाबदारी माझी." तेव्हा कुठे तो गप्प बसला होता.

आणि आता, तो सरळ रस्ता डांबरी होऊन वेग वाढल्यावर, गाडीनं दगा दिला. काटा ऐंशीच्या पुढे गेला की हँडल डावी-उजवीकडे थडथडायला लागायचं. बापाच्या कानावर गेलंच. तारांच्या पुढच्या पाहणीआधी हे थांबलं नाही तर गाडी विकायची, असं त्यानं जाहीर केलं. गाडी गेली की टिचकीला ऑफिसात फोन उचलायला बसवणार, हे साहेब आधीच सांगून चुकले होते.  टिचकी त्या दिवशी जेवली नाही.

आत्या कामाला लागली. टायरमधली हवा बघितली. पुढचा टायर एका बाजूनं झिजला होता, तो बदलला. चाक तोलून घेतलं. हँडल ज्यावर फिरतं तो कोनसेट उघडून, ग्रीस भरून पुन्हा आवळला. जरा जास्त आवळला तर गाडी सावकाश चालतानाही झोकांड्या खायला लागली, म्हणून पुन्हा सैल केला. दर वेळी ती स्वतः त्या सरळ रस्त्यावर जाऊन यायची आणि थडथड तशीच घेऊन परतायची.

शेवटी भिंतीपलीकडून मशीन थांबलं आणि भाऊ दारात येऊन उभा राहिला. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या.

"साऱ्या गावाला त्या स्टुलावर नाचवतेस. घरच्या पोरीलाच तेवढं सोडलंस?"

आत्या चपापली. खरंच सोडलं होतं. टिचकी लहानपणापासून याच दुकानात नट-बोल्ट वेचत मोठी झालेली. तिला काय विचारायचं, असंच आत्या धरून चालली होती.

टिचकी स्टुलावर बसली, वाकली आणि खांद्यापासून थरथरली. आत्यानं तिला थांबवलं. तिथून नको, सिग्नलला उभी असतेस तिथून कर म्हणाली.

टिचकीनं दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. सपाट, टाचांसकट.

आत्या त्या टाचांकडे बघतच राहिली. गाडी नवी होती तेव्हा टिचकीचे फक्त चवडे टेकायचे. गाडी कलली की पोरगी आडवी. म्हणून आत्यानंच मायेपोटी पुढच्या चाकाचे दांडे, फोर्क, त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून वर सरकवले होते, गाडीचं नाक खाली आणलं होतं, सीटखालची स्प्रिंगही थोडी सैल केली होती. नाक खाली गेल्यावर मागची बाजूही तेवढीच उतरवायला हवी. त्यासाठी मागच्या चाकाला लागणारा जोडसांधा तेव्हा मिळाला नव्हता. मिळाला की बसवू म्हणून ते काम मागे पडलं आणि विसरलं गेलं. नाक झुकलेली गाडी वळणावर चपळ होते, पण वेगात तिचा पाय ठरत नाही. हे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर असतं तर तिनं बघताक्षणी ओळखलं असतं.

भाऊ अजून दारातच होता. ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. फोर्क मूळ जागी आणायचे, दोष टायरवर ढकलायचा, कुणाला कळणार होतं?

"दादा, गाडीत दोष नाही," ती म्हणाली. "मीच केलं हे. हिचे पाय टेकावेत म्हणून पुढून खाली केली आणि मागचं अर्धवट ठेवलं. तुला शब्द दिला तेव्हाही ती तशीच होती."

भावानं टाचण्या तोंडातून काढून कॉलरला टोचल्या.  टिचकी स्टुलावरून उठायचंही विसरली.

"मग आता पूर्वीसारखी केलीस तर पाय पुन्हा लटकणार हिचे?"

"लटकणार."

"मग सीट काढून दे."

फोर्क खाली सरकवून, स्प्रिंग पुन्हा घट्ट करून, दोन्ही बाजू पट्टीनं सारख्या मोजून आत्यानं बोल्ट आवळले. तोवर पलीकडे शिंप्यानं सीटचा फोम पातळ तासला, मांडीशी येणाऱ्या कडा गोल केल्या आणि रेक्झिन पुन्हा शिवलं. गिऱ्हाइकाचा कोट टेबलावर तसाच पडून होता.

आधी आत्या जाऊन आली, मग टिचकी गेली. ती परतेपर्यंत भावानं एकाच सुईत दोनदा दोरा ओवला आणि दोन्हीदा काढला.

कशी चालली, असं आत्यानं विचारलंच नाही. स्टुलाकडे बोट केलं.

टिचकी बसली. हात पुढे केले. वेग वाढत चालल्यासारखी हळूहळू वाकली, डोळे बारीक केले आणि तशीच राहिली. खांदा हलला नाही, मनगट हललं नाही. बाहेर थांबलेल्या बेकरीवाल्यानं विचारलं, हिची गाडी बंद पडलीय का?

मग टिचकीनं सिग्नलला थांबल्यासारखे पाय टेकले, फक्त चवडे, टाचा अधांतरी. बाप खाली बसून त्या टाचांकडे बघत होता. गळ्यातला टेप काढून त्यानं टाच आणि फरशीमधलं अंतर मोजलं.

"सीट पुन्हा काढ," तो बहिणीला म्हणाला. "कडेनं अजून थोडं निघेल."