यांना साधा चहा देऊ नका

"आता यांना साधं पाणीसुद्धा द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर. स्ट्रोकनं यांची उजवी बाजू लुळी पडली होती. आता हे आणखी एक. याला डिसफेजिया म्हणतात. म्हणजे गिळायचे स्नायू नीट चालत नाहीत आणि पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. पाणी, चहा, वरण, सगळं थिकनर नावाची पावडर घालून पेजेसारखं दाट करूनच द्यायचं.

मला नोकरी सोडणं शक्य नव्हतं. परदेशात आम्ही राहतो त्या सेम्बावांगला आमच्या इमारतीजवळच आजारी माणसांना दिवसभर सांभाळणारं डे केअर सेंटर आहे, तिथे हे दिवसभर राहू लागले. तिथली मदतनीस रेखा हिंदी बोलणारी, फार मायाळू. एका दुपारी यांनी खुणेनं चहा मागितला, तिला दया आली आणि तिनं साधाच चहा पाजला.

संध्याकाळी ताप भरला, छाती घुरघुरायला लागली. ॲस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात अन्नपाणी गेल्यामुळे होणारा न्यूमोनिया. रेखानं स्वतःच फोन करून रडत चहाचं सांगितलं. वॉर्डाबाहेर बसून मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता विचारू नका.

हे वाचले. पुन्हा सेंटरला जायला लागले, आणि नेमकी तेव्हाच सेंटरचं काम कसं चालतं ते तपासणारी एक चिनी बाई आली. घरच्यांना एकेक करून विचारत होती. माझी पाळी आली. सांगितलं तर रेखाची नोकरी जाईल, यांची जागा जाईल, मग यांच्याजवळ दिवसभर कोण बसणार? आणि नाही सांगितलं तर उद्या पुन्हा कुणीतरी मायेनं साधा चहा देईल.

मी तोंडभर हसून म्हणाले, सगळं छान आहे. परक्या माणसापुढे कुणाला नावं ठेवायची म्हणजे आपली जीभच उचलत नाही हो. शेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या यांनी डाव्या हातानं माझा दंड घट्ट धरला. यांना शब्द जुळवायला फार वेळ लागतो.

"मेलो... असतो मी," हे म्हणाले. "सांग."

मग सगळं सांगितलं, रडत रडतच. रेखाला हे कुणी शिकवलंच नव्हतं, हेसुद्धा सांगितलं. ती बाई म्हणाली, "तुम्ही बोललात म्हणून कळलं. बाकी सगळे छानच म्हणाले."

यांची जागा गेली नाही. रेखाही तिथेच आहे, फक्त आता सगळ्यांना नीट शिकवलंय. तुमच्या माणसाला असं कुठे ठेवायची वेळ आली आणि कुणी विचारायला आलं, तर भीड धरू नका. भीती वाटेल, मलाही वाटली.

अजूनही वाटते. परवा रेखा म्हणाली, दीदी, अंकलना काही पाजायचं म्हटलं की आता भीतीच वाटते, तीनतीनदा दाटपणा बघते. मला तिचं वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.