कुंपणापलीकडचं झाड

कोर्नेत गावात लिक्सांद्राच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबायला लागलं की ती सगळ्यांच्या पुढे उभी राहून मोठ्यानं जांभई द्यायची आणि प्रवचन आटोपायचं. नवरा इलिये महायुद्धात गेला तो परतला नाही. तो गेला त्या वर्षी तिनं घराच्या उजव्या अंगाला आलुबुखाराचं रोप लावलं. पुढे दोन मुली वाढवल्या, उजवल्या, आणि त्या झाडाच्या फळांची दारू अशी काढली की सरपंचसुद्धा काहीतरी काम काढून तिच्याकडे यायचा.

तिला न जुमानणारा माणूस एकच, शेजारचा नस्तासे. नऊ वर्षं प्लोयेश्तच्या तेलविहिरींवर राबून त्यानं गावातलं पहिलं विटांचं, पत्र्याचं घर बांधलं होतं. ऊन पडलं की त्या पत्र्याची तिरीप थेट लिक्सांद्राच्या डोळ्यांत जायची.

एका उन्हाळ्यात बुखारेस्टहून एक चित्रकार आला आणि सगळं गाव सोडून तिच्याच घरासमोर तिवई मांडून बसला. भिंती मातीच्या, चुन्याचे पोपडे सुटलेले, फळ्यांचं छप्पर एका बाजूला झुकलेलं. लाजेखातर ती चुन्याची बादली घेऊन धावली, तर तो आडवा आला.

"काकू, भिंतीला हात लावू नका. मला आहे तसंच हवंय."

"आहे तसंच, तर माझं झाड पलीकडे कसं गेलं?" चित्रात डोकावून तिनं विचारलं. झाड कुंपण ओलांडून नस्तासेच्या बाजूला उभं होतं.

"इकडे खिडकी झाकली जात होती. आणि खिडकी फार गोड आहे हो तुमची."

खिडकीचं कौतुक ऐकून ती विरघळली आणि तिथंच फसली.

जाताना चित्रकारानं ते चित्र गावाला भेट दिलं. सरपंचानं ते कचेरीत टांगलं. हिवाळ्यात बर्फानं जुनं कुंपण आडवं केलं, आणि बर्फ वितळल्यावर नस्तासेनं नवं घातलं, झाड आपल्या बाजूला घेऊन.

"माझ्या बापानं लावलंय ते," तो म्हणाला.

"तुझ्या बापानं जन्मात फक्त टोपी लावली."

प्रकरण कचेरीत गेलं. नस्तासेनं भिंतीकडे बोट दाखवलं. "मी खोटा असेन, सरपंच. पण राजधानीतला शिकलेला माणूस महिनाभर समोर बसून बघत होता. त्याला झाड कुठे दिसलं? कुंपण बघा, झाड बघा."

सरपंचाची पंचाईत झाली. झाड कुणाचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण कागदावर कुठेच नोंद नव्हती आणि चित्र तर त्यानं स्वतःच्या हातानं टांगलेलं.

इलियेला कुठे पुरलं हेसुद्धा लिक्सांद्राला कुणी कळवलं नव्हतं. तिच्याकडे त्याचं म्हणून होतं ते एवढं झाड. ती चित्राजवळ गेली आणि बाजारात कोंबडी निरखावी तशी ते निरखू लागली.

"झाड पलीकडे आहे खरं," ती सावकाश म्हणाली. "पण सरपंच, नस्तासेचं घर कुठाय हो यात?"

सरपंच उठून आला. कुंपणापलीकडे झाड होतं, झाडामागे गवत, गवतामागे टेकडी. वीट नाही, पत्रा नाही.

"शिकलेला माणूस महिनाभर समोर बसून बघत होता," लिक्सांद्रा म्हणाली. "त्याला घर काही दिसलं नाही. मग तू राहतोस कुठे रे, नस्तासे? गवतात?"

सरपंचाला हसू आवरेना. "ठरव बाबा. चित्र खरं, तर झाड तुझं आणि घर नाही. चित्र खोटं, तर घर तुझं आणि झाड तिचं."

नस्तासे हसला नाही, चिडलाही नाही. इतके महिने त्या चित्रात त्यानं फक्त झाड पाहिलं होतं. आता नाक टेकवून तो आपलं घर शोधत होता. "पत्रा तेव्हा नवाकोरा होता," तो हळूच म्हणाला. "न दिसायला काय झालं?"

"लकाकत होता. मी रोज शिव्या घालायचे त्याला," लिक्सांद्रा म्हणाली. जिंकल्यावर त्याला चांगलं टोचून बोलायचं तिनं ठरवलं होतं, पण तिला वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी नस्तासेनं कुंपण उपटून मागे नेलं. लिक्सांद्रानं पावलं टाकत मोजून पाहिलं.

"वीतभर जास्त सोडलीस रे."

"असू दे. त्या चित्रात मी कुठे आहे?"

"उगाच रडगाणं गाऊ नकोस. तो चित्रकार उन्हाळ्यात परत येतोय, पाद्रीबाबांना पत्र आलंय. त्याला तुझ्या घरासमोर बसवते."

"नको. त्याला माझ्या घरात बघण्यासारखं काही दिसत नाही."

"दिसेल," लिक्सांद्रा म्हणाली. "दिसेपर्यंत त्याला माझ्याकडे जेवायला मिळायचं नाही."