आमचे इंग्रज आतोबा

हाताला लागेल ती गोल वस्तू आमच्या आतोबांच्या बोटांतून फिरल्याशिवाय राहत नसे. संत्रं, बटाटा, बेसनाचा लाडू, काहीही. समोरच्याशी बोलता बोलता ते ती वस्तू हवेत उडवायचे आणि ती गरगरत परत त्यांच्याच पंजात यायची. आई स्वयंपाकाला लागली की बटाट्यांची टोपली आधी त्यांच्यापासून लांब सरकवायची. आतोबांच्या उजव्या तर्जनीचं पेर कायमचं सुजून गाठीसारखं झालं होतं. ऑफस्पिन टाकून टाकून.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या झाशीहून नर्स म्हणून इंग्लंडला गेली. तिथल्या इस्पितळात आतोबा बोट मोडून घेऊन आले, आणि बोट बरं झाल्यावरही येतच राहिले. एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघाकडून खेळणारे ते पगारी गोलंदाज. त्यांचा हंगाम उन्हाळ्यातला, त्यामुळे हिवाळा लागला की दोघं झाशीत प्रेमनगरला आमच्याकडे. गल्लीचे ते फूफाजी झाले, म्हणजे तिकडच्या बोलीत आतोबाच. आमच्या भागात लग्नाकार्यात फूफाजींनी रुसायचं असतं. आतोबांना हे कळल्यापासून ते मांडवात शिरताना आत्याला हळूच विचारत, "आज कोणावर रुसायचं?"

मराठी ते आत्याकडून शिकले आणि बुंदेली भाजीवाल्यांकडून. आईच्या हातची भाकरी खाऊन ते म्हणत, "ती भाकरी भौत नोनो आहे," म्हणजे फार छान. गॅसची रांग असो की उशिरा येणारी गाडी, त्यांचं एकच म्हणणं, "फलंदाजाला घाई असते. मला नसते."

बाबांना मात्र हे प्रकरण पचलं नव्हतं. बाबा रेल्वेत गार्ड. माणूस इंग्रज आहे याचं त्यांना फारसं काही नव्हतं. दरवर्षी नवा करार करावा लागतो आणि पेन्शन नाही, ही कसली नोकरी, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आतोबांशी थेट बोलतच नसत. "त्यांना विचार, चहा घेणार का," असं आत्याला सांगायचे. आतोबांना सगळं कळत असे, पण तेही आत्याकडेच बघून म्हणायचे, "त्यांना सांग, घेणार." अशी बरीच वर्षं गेली.

एकदा आतोबांची इंग्लंडच्या संघात निवड झाली. शेजाऱ्यांनी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला. बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. आतोबा अकरांत नव्हते. पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावताना तेवढे दिसले. पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्या हिवाळ्यात गल्लीने विचारलं तर म्हणाले, "पाणी नीट पाजलं. कोणी आजारी पडलं नाही." सगळे हसले. बाबा हसले नाहीत, उठून आत गेले. आई म्हणाली, त्यांना वाईट वाटलंय.

पुढे एका वर्षी काउंटीने करार वाढवला नाही. तरुण गोलंदाज आला होता आणि कप्तान यांच्या हाती चेंडू देईनासा झाला होता. आतोबा झाशीला आले. दिवसभर गच्चीवर बसून राहत. जेवणात लक्ष नसे. आत्या स्वयंपाकघरात डोळे पुसायची.

त्याच सुमारास बाबा निवृत्त झाले होते. सकाळी सवयीने दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत आणि मग जायला कुठे नाही हे त्यांच्या लक्षात येई. एके दिवशी ते गच्चीवर गेले आणि आतोबांना म्हणाले, "चला, एरचला जाऊन येऊ." मध्ये आत्या नव्हती. ते बाबांचं त्यांच्याशी पहिलं थेट बोलणं.

दोघं बसने त्या गावी गेले आणि बेतवा नदीच्या काठी बसले. तिथलं बोलणं बाबांनी नंतर आईला सांगितलं. बाबा म्हणाले होते, "मला साठाव्या वर्षी घरी बसवलं तरी घास उतरत नाही. तुम्हाला तर चाळिशीही नाही. कसं सहन करता?"

"करत नाही," आतोबा म्हणाले. "मला तेवढं एकच येत होतं."

"मलाही," बाबा म्हणाले.

मग आतोबा रडले आणि बाबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. घरी आल्यावर आतोबांनी दोनदा भात मागून घेतला.

त्यानंतर रोज सकाळी दोघं मैदानावर जाऊ लागले. आतोबा वस्तीतल्या मुलामुलींना गोलंदाजी शिकवत. बाबा पांढरी टोपी घालून पंच होत. तिकडे इंग्लंडात आतोबांना एका शाळेत शिकवण्याचं काम मिळालं, पण हिवाळे झाशीचेच राहिले. बाबांनी सगळे नियम शिकून घेतले, तेही आतोबांशी वाद घालत. पण आतोबांनी केलेल्या अपीलवर त्यांनी कधीच बोट वर केलं नाही. एकदा तर पायचीत इतकं स्पष्ट होतं की फलंदाज स्वतःच निघाला होता. बाबांनी त्याला परत बोलावलं आणि आतोबांना सुनावलं, "घरच्या माणसाला फायदा मिळणार नाही."

विकेट मिळाली नाही, पण आतोबा दिवसभर खुशीत होते. भेटेल त्याला सांगत होते, "मला घरचा माणूस म्हणाले."

गेल्या माघात बाबा गेले. झोपेतच, शांतपणे. अंगणात तयारी झाली. माझ्या भावाने तिरडीची पुढची उजवी बाजू धरली आणि डावीकडे आतोबा येऊन उभे राहिले. गावातल्याच लक्ष्मी गेट भागातून आलेले आमचे एक वयस्कर नातलग त्यांना हलकेच म्हणाले, "तुम्ही राहू द्या. घरचे जावई तुम्ही. जावयाने खांदा द्यायचा नसतो आपल्यात."

आतोबांनी त्यांना नमस्कार केला. म्हणाले, "आज मी जावई नाही, काकाजी. मी त्यांचा मित्र."

काकाजींनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली. ते बाजूला झाले.

आतोबा माझ्या भावापेक्षा हातभर उंच, आणि गुडघे खेळून खेळून निकामी झालेले. बाबांना कुठे कलतं वाटू नये म्हणून ते गुडघे वाकवून, घाटापर्यंत तसेच चालले.