पुढचं वर्ष की पुढचे बारा महिने

मिहीर, सई,

परवा फोनवर मिहीरने विचारलं, "आजी, तू आमच्याकडून चिडून गेलीस का?" तेव्हा ठरवलं, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. सई आता अडखळत का होईना मराठी वाचते, म्हणून मराठीत.

त्या नोव्हेंबरात तुमचे बाबा मला मस्कतला न्यायला पुण्यात आले. दाराला कुलूप लावताना मी विचारलं, "परत कधी?"

"नेक्स्ट इयर, आई. संक्रांतीला तू इथेच असशील."

मी दूध बंद केलं, किल्ली शेजारी दिली आणि एकच बॅग घेतली.

मस्कतच्या वादी कबीर भागात तुमचं घर. मिहीरची स्कूलबस गेली की ते शांत. अशाच एका सकाळी अभय बाल्कनीत मित्राशी फोनवर बोलत होता, "माय मदर इज हिअर फॉर द नेक्स्ट इयर." माझा हात कणकेतच थांबला. नेक्स्ट इयर म्हणजे जानेवारीत लागणारं साल. आधी 'द' आला की आजपासूनचे बारा महिने. आपल्याकडे दोन्ही पुढचं वर्षच. पण मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि अभय माझ्याच हाताखाली शिकला. हा 'द' त्याच्या तोंडून चुकून येणार नाही.

मग आठवलं, निघताना त्याने फ्लॅटच्या कागदांचे फोटो काढले होते. "सेफ्टीसाठी" म्हणाला होता.

त्यानंतर मला सगळंच खटकू लागलं. अभय आणि तुमची आई स्नेहा दर शुक्रवारी "रुवीला काम आहे" म्हणून शहराच्या त्या भागात जात. काम काय, ते सांगत नसत. सुरमईवर जीव असलेली स्नेहा ताटावरून उठून जाई. मला वाटलं, सासूसमोर बसून जेवायची हिला लाज वाटते.

एका शुक्रवारी ते परतले, तेव्हा मी बॅग भरून सोफ्यावर बसले होते.

"अभय, माझं घर विकलंस?"

"घर? आई, काय डोक्यात घेतलंस हे!"

"मग बारा महिने कशाला ठेवतोयस मला?"

स्नेहा माझ्याजवळ येऊन बसली. "सांग रे आता. खलास झालं सीक्रेट." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तिसरा महिना सरू द्यायचा होता. मागच्या वेळी सगळ्यांना आधीच सांगितलं, आणि मग..."

रुवीचं काम म्हणजे डॉक्टर. आणि सई, स्नेहाच्या पोटात होतीस ती तू.

चोरओटी घरातल्या बाईने गुपचूप भरायची असते. इथे घरातल्या बाईपासूनच चोरून ठेवलं होतं! दुसऱ्या दिवशी हमरियाच्या बाजारातून नारळ आणून मी स्नेहाची ओटी भरली. पण त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मी वर्षभर राहिले. सईचं उष्टावण केलं. विमानतळावर अभयने हळूच विचारलं, "आई, त्या घराचं काय करायचं?"

"त्यात मी राहायचं," मी म्हटलं.

म्हणजे माझा संशय अगदीच वेडा नव्हता. पण मी चिडून आले नाही, मिहीर. कुणी ठेवलं म्हणून राहायचं आणि कुणी नेलं म्हणून जायचं, त्याला मी घर म्हणत नाही.

पुण्याचा फ्लॅट अजून माझ्या नावावर आहे. तुमच्या बाबांचं बोलणं मी अजून दोनदा तपासते. आणि त्यांचा फोन रोज येतो.

आजी