मृतांच्या यादीतलं नाव

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची पलटण काश्मीरमध्ये होती. ०५३० ला स्टँड-टू म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, ०७०० ला रोड ओपनिंग म्हणजे सुरुंगांसाठी रस्त्याची तपासणी, रविवारी मंदिर परेड. कंपनीत ख्रिस्ती मी एकटा. वसईजवळच्या सांडोरचा, घरातला पहिला पदवीधर.

आमच्या दहा जणांच्या सेक्शनचे कमांडर हवालदार सखाराम जाधव मला 'फादर' म्हणत. मंदिर परेडला पंडितजी सगळ्यांना टिळा लावत, मलाही. तसा एक फोटो मी घरी पाठवला. गावात बातमी झाली की मी बाटलो. त्याच सुमारास ख्रिस्ती लोकांच्या देशप्रेमावर पेपरांत वाद चालू होते. कँटीनमध्ये एकाने विचारलं, "तुम्ही लोक नक्की कुणाचे?"

जाधव म्हणाले, "माझ्या सेक्शनचा आहे. चहा पी."

प्रार्थनेवरून माझं मन उडालं होतं. पण गस्तीआधी जाधव म्हणत, "फादर, तुझं ते म्हण." मी 'आमच्या बापा' म्हणे. आमेनपर्यंत सेक्शन मान खाली घालून उभं राही.

त्या दिवशी रस्त्याखालची एक मोरी तपासायची होती. पाळी माझी होती. जाधव म्हणाले, "थांब. मी बघतो." ०७४२ ला स्फोट झाला. वायरलेसवर बोलणं सुरू झालं.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

जाधवांनी माझी बाही धरली होती. "म्हण," एवढंच ते बोलले. मी म्हटलं. कोणीतरी ऐकतंय असं मला बऱ्याच वर्षांनी वाटलं. हेलिकॉप्टर ०८२० ला आलं. तोवर जाधव गेले होते.

पुढच्या वर्षी मृतांच्या दिवसाला मी रजेवर होतो. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या मृतांची नावं चर्चमध्ये देतं. ती मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचतात, मग कबरींवर मेणबत्त्या लावतात. मी एकच नाव दिलं.

यादी वाचणारे इनासकाका म्हणाले, "हा आपला नाय. तू तरी राहिलास काय? टिळ्याचा फोटो बघितलाय मी."

मी त्यांना मोरीचं सांगितलं. त्यांनी यादीचा कागद पुढे ओढला.

"कबर कुठं त्यांची?"

"नाही. सातारला दहन झालं."

"मग मेणबत्ती कुठं लावशील?"



मिस्सेत त्यांनी ते नाव वाचलं. लोकांनी इतर नावांसारखंच त्यालाही 'चिरशांती लाभो' असं उत्तर दिलं. कबरस्तानात काकांनी आपल्या आईच्या कबरीवरची मेणबत्ती थोडी बाजूला सरकवली. "इथं लाव. आईला चालेल."

अजूनही तिथेच लावतो. इनासकाका आता स्वतः त्या यादीत आहेत. नावं मी वाचतो. रँक फक्त एकाच नावाआधी आहे: हवालदार सखाराम जाधव.