उशिराचा शेरा

जवळा बाजारच्या अंगणवाडीत बेबीबाईंनी वीस वर्षांत गावातल्या निम्म्या लेकरांची नाकं पुसली. स्वतःचं मात्र एकही झालं नाही. नवरा गेला, भाचे-पुतणे सणावाराला तेवढे उगवायचे. त्यामुळे २००४ साली हिंगोलीच्या कोर्टाचा कागद आला तेव्हा बाई जरा फुशारल्याच.

गावातली सपना आणि गोरेगावचा भीमराज यांचा घटस्फोट झाला होता. भांडणाच्या भरात भीमराजनं सहा वर्षांच्या लेकीला, आकांक्षाला, कुणाला न सांगता उचलून चार दिवस बहिणीकडं ठेवलं होतं. म्हणून कोर्टानं ठरवलं, पोरगी आईजवळ जवळा बाजारला राहील आणि बापानं महिन्यातून दोन रविवार तिला अंगणवाडीत, बेबीबाईंच्या देखत भेटायचं. बाईंनी त्याचा अहवाल द्यायचा. दोघांच्या नावावरचं गोरेगावचं घर विकून निम्मं निम्मं वाटायचं.

पहिले काही रविवार पोरगी बापाकडं फिरकलीच नाही. बाईंच्या मांडीत बसून तिथूनच त्याला न्याहाळायची. बाईंना ते फार गोड लागलं. शनिवारी त्या तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळून ठेवू लागल्या.

पण भीमराज चिवट निघाला. शिवणकाम करणारा माणूस; येताना चिंध्या आणायचा आणि बाहुलीचे झंपर शिवत बसायचा. दिवाळीनंतर आकांक्षा बाईंची मांडी सोडून थेट त्याच्याकडं पळू लागली. लाडू बाईंचे खायची, हसायची बापाकडं बघून. बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. चार चिंध्यांसाठी पोरीनं पाठ फिरवावी? आपण या वयात कुणाचा हेवा करतोय, याची त्यांना लाज वाटायची, पण म्हणून हेवा काही कमी होत नव्हता.

फेब्रुवारीत शेवटचा अहवाल होता. तो चांगला गेला की देखरेख उठणार आणि पोरगी बापाच्या घरी जाऊ शकणार. घराच्या वाट्यातून भीमराजनं जवळा बाजारलाच दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या.

"तिच्या शाळेजवळच हायेत, बाई," तो हरखून सांगत होता. "मुक्कामाला येईल आता लेकरू."

बाईंनी लाडवांचा डबा झाकून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'वडील चार वेळा उशिरा आले. मुलीला ताटकळत बसावं लागलं.' खोटं काहीच नव्हतं. गोरेगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही, पुढं हिंगोलीत गाडी बदलावी लागते, आणि उशीर झाला तरी तो कधी जास्तीची पाच मिनिटं मागत नाही, एवढंच बाईंनी लिहिलं नाही.

कोर्टानं देखरेख सहा महिने वाढवली. खोल्यांचा मालक थांबला नाही. त्यानं त्या दुसऱ्याला देऊन टाकल्या.

"तुमी बराबरच लिहिलं, बाई," भीमराज म्हणाला. "उशीर तर झालाच होता."

तो भांडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला आकांक्षा लवकरच आली आणि न बोलावता बाईंच्या मांडीत जाऊन बसली. किती महिन्यांनी! बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. त्यांनी फणी घेतली आणि तिचे केस विंचरायला लागल्या.

"आज मी हितंच बसते," पोरगी म्हणाली. "बाबा आले तरी उठत न्हाई."

"काहून गं?"

"आई मामाला सांगत व्हती, बाईनं तसं लिहिलं म्हणून खोल्या गेल्या. मी तुमच्यापाशी बसले तर बाबांचं चांगलं लिहिताल नं?"

बाईंचा हात केसांतच थांबला. तेवढ्यात भीमराज दारात आला, घामाघूम, वेळेच्याही आधी. त्यानं पिशवी पुढं केली. पोरगी जागची हलली नाही, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ऊठ माय, जाय त्याच्याकडं," बेबीबाई म्हणाल्या. "लिहिते मी चांगलं."

आकांक्षानं त्यांचं लुगडं मुठीत घट्ट धरलं.

"आधी लिहा," ती म्हणाली.